युआन श्वांग आणि 1962 यांच्या मधला चीन

सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं आहे: नववीच्या मुलांसाठी चीनचा इतिहास आणि संस्कृती यांवर चार-पाच जादा तास घ्यायचं त्यांनी ठरवलं, तर पालकसभेत दोन हरकती आल्या. पहिली, सीमेवर आपले जवान शहीद होतात आणि तुम्ही मुलांना चीनचं कौतुक शिकवणार का? दुसरी, आपलाच इतिहास पोरांना धड येत नाही, परक्याचा कशाला? पालकांना काय सांगावं, आणि शिकवायचंच तर नेमकं काय शिकवावं?

बाई, दोन्ही हरकती प्रामाणिक आहेत, त्यांना प्रामाणिक उत्तर द्यायला हवं. मी दुसरीपासून सुरू करतो, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यातच आहे. आपला इतिहास धड यायचा असेल तर चीन लागतोच.

हायस्कूल आणि ज्युनियर कॉलेजात शिकवताना, आणि पुढे शिक्षकांची प्रशिक्षणं घेताना, मुलांच्या डोक्यातला चीन मला बहुतेक वेळा एकाच साच्याचा दिसला. फार पूर्वी एक चिनी प्रवासी आला, नालंदाला शिकला, ग्रंथ घेऊन परत गेला. त्यानंतर तेराशे वर्षं काहीच घडलं नाही. मग 1962 मध्ये चीनने हल्ला केला. म्हणजे दोन हजार वर्षांची मैत्री आणि अचानक दगा. मोठी माणसंही असंच बोलतात. या चित्रात एकोणिसावं शतक नाही. आणि त्याच शतकात हिंदुस्थान आणि चीन एकमेकांत सगळ्यात जास्त गुंतले होते. त्या गुंत्याच्या मध्यभागी मुंबई होती. चीन शिकवायचा तो मुख्यतः त्या शतकासाठी.

तरी सुरुवात ओळखीच्या माणसापासूनच करा. युआन श्वांग 629 च्या सुमारास चीनमधून निघाला आणि 645 मध्ये परतला. दक्षिणेतून फिरताना 641 च्या आसपास तो महाराष्ट्रात आला. आपल्याबद्दल त्याने जे लिहिलं, ते पान वर्गात मोठ्याने वाचा. इथली माणसं साधी, प्रामाणिक, पण मानी आहेत, असं तो म्हणतो. उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत. सूड घ्यायचा तर आधी शत्रूला इशारा देतात, मगच शस्त्र उचलतात. शरण आलेल्याला मारत नाहीत. हरलेल्या सेनापतीला शिक्षा न करता बायकांचे कपडे देतात. लढाईआधी योद्धे दारू पितात आणि हत्तींनाही पाजतात. राजा चालुक्य घराण्यातला पुलकेशी. पाची दिशांचं सैन्य घेऊन आलेल्या उत्तरेच्या सम्राट हर्षालाही हा प्रदेश जिंकता आला नाही.

मुलांच्या माना ताठ होतात. होऊ द्या. मग प्रश्न विचारायला लागा. हर्षाने युआन श्वांगचा मोठा सत्कार केला होता. अशा माणसाने हर्षाचं अपयश लिहावं, याचं वजन किती? 634 च्या ऐहोळेच्या शिलालेखातही पुलकेशीने हर्षाला रोखल्याचं आहे, पण तो पुलकेशीच्याच पदरच्या कवीचा. दोन्ही एकत्र ठेवले की काय सिद्ध होतं, एकटं ठेवलं की काय? संपूर्ण लोकसमूहाचा स्वभाव चार ओळींत सांगणाऱ्या प्रवाशावर किती विश्वास ठेवायचा? कौतुक आहे म्हणून आपण त्यावर पटकन विश्वास ठेवतो का? साधनांची चिकित्सा शिकवायला आपल्याच मातीवर लिहिलेलं याहून सोयीचं पान मला माहीत नाही.

त्याच वर्णनात पूर्वेकडच्या डोंगरातला एक विहार येतो. दाराशी दगडाचे हत्ती, आत बुद्धाची प्रचंड मूर्ती आणि तिच्यावर आधाराशिवाय तरंगणारी दगडी छत्रं. अभ्यासक हे ठिकाण अजिंठा मानतात. 16 क्रमांकाच्या लेण्याकडे चढताना खाली दोन हत्ती कोरलेले आहेत. सहल गेली तर तिथे थांबा. हत्ती खरे, छत्रं मात्र अधांतरी तरंगत नाहीत. तो स्वतः तिथवर गेला होता की ऐकलेलं लिहिलं, हे मुलांना तिथेच उभं राहून ठरवू द्या. 1819 मध्ये इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला ही लेणी पडली, त्याच्या जवळजवळ बाराशे वर्षं आधी त्यांची नोंद चिनी कागदावर झालेली होती.

इथेच संस्कृतीचा एक धागा जोडता येतो, पण हात आखडता ठेवून. छापल्याची तारीख असलेलं जगातलं सगळ्यात जुनं पूर्ण पुस्तक 868 सालचं आहे. ते चीनच्या दुनह्वांग इथल्या लेण्यांत सापडलं. पुस्तक कोणतं? वज्रच्छेदिका या संस्कृत सूत्राचा कुमारजीवाने केलेला चिनी अनुवाद. छपाई चीनची, मजकूर आपल्याकडून गेलेला. दुनह्वांगला डोंगर कोरून विहार आणि भित्तिचित्रं करण्याची जी परंपरा उभी राहिली, ती मध्य आशियामार्गे आपल्या लेण्यांशी नातं सांगते. अजिंठ्याचा पद्मपाणी, कान्हेरीच्या 41 क्रमांकाच्या लेण्यातला अकरा मुखांचा अवलोकितेश्वर, ही करुणेच्या एकाच बोधिसत्त्वाची रूपं. हा बोधिसत्त्व तिकडे गेला आणि काही शतकांत चिनी लोकांनी त्याला स्त्रीरूप दिलं. क्वानयिन नावाची करुणेची देवी आज चिनी घराघरांत आहे. नुसतं ‘आपण त्यांना बौद्ध धर्म दिला’ म्हणून पुढे जाऊ नका. त्यांनी जे घेतलं ते स्वतःच्या गरजेप्रमाणे बदललं, हा शिकण्यासारखा भाग आहे. आणि आपण इथे जे विसरलो ते त्यांनी जपून ठेवलं: कित्येक बौद्ध ग्रंथ मूळ संस्कृतात नष्ट झाले, चिनी अनुवादात उरले. पुण्यात पु. वि. बापटांसारख्या पाली पंडिताने चिनी भाषा शिकून घेतली ती याचसाठी.

आता ते मधलं शतक.

अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडला चहाचं व्यसन लागलेलं होतं आणि चहा फक्त चीनमध्ये मिळायचा. चीनला इंग्रजांचा माल फारसा नको होता, त्याला चांदी हवी होती. चांदीचा हा ओघ थांबवायला ईस्ट इंडिया कंपनीने अफू शोधली. बंगाल-बिहारची अफू कंपनीच्या मक्तेदारीत होती. पण दुसरी अफू माळव्याची, म्हणजे शिंदे आणि होळकरांच्या मुलखातली. तिचा व्यापार देशी सावकारांच्या हातात होता आणि 1818 नंतरही कंपनीला तो मोडता आला नाही. कंपनीने मुंबई बंदर बंद ठेवलं तर माल वाळवंटातून कराचीला आणि तिथून पोर्तुगिजांच्या दमणला जायचा. शेवटी 1830-31 च्या सुमारास कंपनीने हार मानली, कर घेऊन मुंबईतून अफू जाऊ दिली, आणि मुंबईचं नशीब फळफळलं.

हे सांगताना मुंबई-पुण्याच्या मुलांना नावं सांगा, कारण ती नावं त्यांच्या रोजच्या तोंडात आहेत. सर जमशेटजी जीजीभाय चीनच्या व्यापारात, कापूस आणि अफू यांत, गडगंज झाले. जे. जे. रुग्णालय, जे. जे. कलाशाळा त्यांच्या दानातून उभी राहिली. त्यांच्याबरोबर या धंद्यात मूळचा गोवेकर रोजेरिओ द फारिया होता. बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांनी मुलाला 1844 मध्ये चीनला पाठवलं आणि पेढीचा पसारा तिकडे वाढवला. ससून डॉक आणि पुण्याचं ससून रुग्णालय त्याच घराण्याचं. या माणसांना वर्गात खलनायक करू नका. त्यांचं दान खरं होतं, लाखो गरिबांना त्या रुग्णालयांनी बरं केलं. आणि तो पैसा कोणत्या मालातून आला, हेही खरं आहे. चौदा वर्षांच्या मुलाला या दोन गोष्टी एकत्र पेलतात. मोठ्यांनाच जड जातं.

1839 मध्ये चीनच्या छिंग घराण्यातल्या सम्राटाने लिन झेशू या अधिकाऱ्याला दक्षिणेतल्या कॅन्टन बंदराला पाठवलं. त्याने परदेशी व्यापाऱ्यांकडून 20,000 हून जास्त पेट्या अफू जप्त केली आणि हुमेनच्या किनाऱ्यावर खड्डे खणून, मीठ आणि चुना घालून तिचा नाश केला. त्याने राणी व्हिक्टोरियाला पत्रही लिहिलं. आशय असा, की दुसऱ्या देशातून कोणी तुमच्या प्रजेला अफू विकायला आला तर तुम्हाला चालेल का? ते पत्र राणीपर्यंत पोचलं नाही. पोचल्या त्या युद्धनौका. 1839 ते 1842 च्या या पहिल्या अफू युद्धात इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या फौजेत मद्रास आणि बंगालचे हिंदी शिपाई होते. मे 1841 मध्ये कॅन्टनजवळच्या सानयुआनली गावाच्या लोकांनी इंग्रज फौजेला घेरलं, तेव्हा पावसात बंदुका भिजून अडकून पडलेली तुकडी 37 व्या मद्रास पलटणीची होती. चीनमध्ये सानयुआनली हे नाव शाळकरी मुलाला माहीत असतं. आपल्याकडे इतिहासाच्या शिक्षकालाही क्वचितच.

29 ऑगस्ट 1842 रोजी नानजिंगचा तह झाला. हाँगकाँग गेलं, पाच बंदरं उघडली, दोन कोटी दहा लाख चांदीचे डॉलर दंड बसला. तहावर सह्या झाल्या त्या एका जहाजावर. ‘कॉर्नवॉलिस’ त्याचं नाव, 74 तोफांचं सागवानी जहाज, आणि ते बांधलं होतं मुंबईच्या गोदीत, 1813 मध्ये, वाडिया घराण्याच्या कारागिरीने. हे सांगितल्यावर वर्गात जी शांतता होते, ती मी बऱ्याचदा अनुभवली आहे. त्या घडीला धडा चालू ठेवू नये. मुलांना आपापसात बोलू द्यावं. कोणीतरी म्हणतं, जहाज आपण बांधलं पण आपण गुलाम होतो. कोणीतरी म्हणतं, शेटजी कुठे गुलाम होते? कोणीतरी विचारतं, माळव्यातल्या शेतकऱ्याला काय मिळालं? या तिन्ही वाक्यांवर स्वतंत्र तास होऊ शकतो.

पुढची कडी तर आपल्या सगळ्यात परिचित सालाशी जाऊन भिडते. 1857 मध्ये लॉर्ड एल्गिन फौज घेऊन चीनवर दुसऱ्या अफू युद्धासाठी निघाला होता. हिंदुस्थानात उठाव झाल्याची बातमी आली आणि चीनकडे जाणारं सैन्य कलकत्त्याकडे वळवलं गेलं. म्हणजे नानासाहेब आणि तात्या टोपे यांच्याविरुद्ध वापरल्या गेलेल्या ताकदीचा एक हिस्सा मुळात चीनसाठी निघालेला होता. उठाव मोडल्यावर तोच एल्गिन 1860 मध्ये पेकिंगवर चालून गेला, या वेळी सोबत शीख आणि पंजाबी पलटणी होत्या, आणि त्याच्या हुकमाने सम्राटाचा उन्हाळी महाल जाळला गेला. दोन वर्षांनी तो हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होऊन आला. 1857 शिकवताना आपण नकाशावर मेरठ, दिल्ली, कानपूर, झाशी दाखवतो. त्याच नकाशात कॅन्टन दाखवा. साम्राज्य म्हणजे काय, ते व्याख्येपेक्षा या एका वळवलेल्या फौजेतून लवकर कळतं.

1900 मध्ये परकीयांविरुद्धच्या बॉक्सर उठावाच्या वेळी पेकिंगमध्ये अडकलेल्या युरोपीय वकिलातींपर्यंत आधी पोचलेल्या सैनिकांत हिंदी शिपाई होते. 7 व्या राजपूत पलटणीतल्या गदाधर सिंह नावाच्या एका सैनिकाने त्या मोहिमेवर हिंदीत लिहून ठेवलं आहे. चिनी गावांची लूट पाहून तो हळहळतो, ही माणसं आपल्यासारखीच आहेत असं त्याला वाटत राहतं. एका शिपायाला जे दिसलं ते आपल्या पाठ्यक्रमाला अजून पुरतं दिसलेलं नाही.

बीजिंगच्या तियानानमेन चौकात 1958 मध्ये उघडलेलं जनवीरांचं स्मारक आहे. त्याच्या पायाशी आधुनिक चीनच्या लढ्याची शिल्पं कोरलेली आहेत आणि त्यातलं पहिलं दृश्य 1839 च्या अफूनाशाचं आहे. चीनमधल्या मुलाला शाळेत शिकवलं जातं ते असं: 1839 ते 1949 हे अपमानाचं शतक. त्या शतकातल्या पहिल्या प्रसंगातली अफू हिंदुस्थानातून गेलेली, नंतरच्या प्रसंगांतले शिपाई बरेचसे हिंदुस्थानातले, शांघायच्या परदेशी वसाहतीत चौकाचौकांत उभा असलेला पोलीसही शीख. हे आपल्या स्वेच्छेने घडलं नाही, आपणही पारतंत्र्यात होतो. पण समोरच्याच्या आठवणीत आपण कसे आहोत, हे ठाऊक नसेल तर 1950 नंतर सीमेच्या वाटाघाटींत चीन इंग्रजांनी आखलेल्या प्रत्येक रेषेकडे, मग ती ईशान्य सीमेवरची 1914 ची मॅकमहोन रेषा का असेना, एवढ्या संशयाने का पाहत होता, ते मुलांना कळणार नाही. कळणं म्हणजे मान्य करणं नाही. भारताची बाजू भारताची आहे आणि ती वर्गात स्पष्ट सांगायचीच.

यावरून पहिल्या हरकतीकडे येतो.

20 ऑक्टोबर ते 21 नोव्हेंबर 1962 हे युद्ध आणि जून 2020 मध्ये गलवानला वीस भारतीय जवानांचं हौतात्म्य, हे दोन्ही शिकवा. पूर्ण शिकवा. सातारा जिल्हा सैनिकांचा, तुमच्या वर्गात सैन्यात गेलेल्या घरांतली मुलं असणारच. त्या घरातल्या माणसाला मी हेच सांगेन, की ज्याच्यासमोर आपला मुलगा उभा आहे त्याच्याविषयी देशाने अडाणी राहू नये. सैन्यातले अधिकारी चीनचा अभ्यास करतात, तो काही प्रेमापोटी नाही. नुसत्या रागातून किंवा नुसत्या दिपून जाण्यातून नागरिकाला काहीच ठरवता येत नाही. दिवाळीत दिव्यांच्या चिनी माळा घेऊ नका म्हणणारं आणि चीनसारखं शिस्तीचं सरकार हवं म्हणणारं घर पुष्कळदा एकच असतं, आणि दोन्ही वेळा चीनची माहिती तेवढीच असते.

1962 सोबत एक अवघड गोष्टही मी सांगतो. युद्धानंतर आसाम, दार्जिलिंग वगैरे भागांतल्या सुमारे 3,000 चिनी वंशाच्या रहिवाशांना, बायकामुलांसकट, खटला न चालवता राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवलं गेलं. त्यांतले कित्येक इथेच जन्मलेले होते. मुंबईतही चिनी वस्ती होती. माझगावात 1919 मध्ये कॅन्टनकडच्या खलाशांनी बांधलेलं चिनी मंदिर आजही आहे. चेहऱ्यावरून शत्रू ठरवण्याचं काय होतं, हे आपल्या ईशान्येकडच्या मुलामुलींना पुण्या-मुंबईत 2020 च्या साथीत पुन्हा सोसावं लागलं. इतिहासाच्या तासाचा हा सगळ्यात थेट उपयोग आहे.

आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. त्यांचं नाव घेतलं की पालकसभेतलं वातावरण बदलतं, पण त्यांना नुसतं भावनेसाठी वापरू नका. 1910 चा जन्म, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिक्षण. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर चिनी कम्युनिस्टांचे सेनापती चू ते यांनी नेहरूंकडे डॉक्टर मागितले, आणि काँग्रेसने 1938 मध्ये पाच जणांचं पथक पाठवलं: अटल, चोळकर, कोटणीस, बसू, मुखर्जी. कोटणीस आघाडीवर राहिले, चिनी बोलायला-लिहायला शिकले, बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, मुलाचं नाव दोन देशांवरून यिनह्वा ठेवलं आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्याने गेले. शिच्याच्वांग शहरात त्यांची समाधी आहे. आधीचं शतक शिकवून झाल्यावर कोटणीस शिकवले तर मुलांना त्यांचं मोठेपण वेगळ्या जागी दिसतं. ज्या देशात हिंदी माणूस तीन पिढ्या साम्राज्याची बंदूक घेऊन गेला होता, तिथे एक हिंदी माणूस शस्त्रक्रियेची पेटी घेऊन गेला. स्वतंत्र होऊ पाहणाऱ्या देशाने आपल्या मर्जीने केलेली ही कृती होती. पारतंत्र्यातल्या देशाचंही स्वतःचं परराष्ट्र धोरण असू शकतं, हा धडा त्यात आहे.

चीन आतून समजावा यासाठी मी दोन विषय निवडेन. घराण्यांची यादी मुळीच नको. हान, थांग, सोंग, मिंग पाठ करून घेण्याने कुणाचंही भलं झालेलं नाही.

पहिला विषय परीक्षा. आपल्याकडे प्रत्येक गावातला एखादा तरी मुलगा पुण्याच्या पेठांत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करत असतो. चीनमध्ये लेखी परीक्षेने अधिकारी निवडण्याची पद्धत सुई घराण्यात, सातव्या शतकाच्या सुरुवातीला रुजली आणि 1905 पर्यंत चालली. नानजिंगच्या परीक्षागृहात वीस हजारांहून जास्त कोठड्या होत्या. उमेदवार फळीवर बसून लिहायचा, फळीवरच झोपायचा, शिधा बरोबर आणायचा. सोंग काळात नावावर कागद चिकटवत, शिवाय सगळी उत्तरपत्रिका कारकुनाकडून नव्याने उतरवून घेत, म्हणजे परीक्षकाला हस्ताक्षर ओळखू येऊ नये. शेतकऱ्याचा मुलगा मंत्री होऊ शकतो, ही आशा त्या पद्धतीने समाजाला दिली. बायकांना मात्र तिथे दार नव्हतं, आणि वर्षानुवर्षं शिकायला पोसेल असं घर असलेलेच बहुधा पुढे जात. ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकात सनदी सेवेसाठी स्पर्धा परीक्षा आणली, तेव्हा चीनच्या उदाहरणाची चर्चा तिकडे झाली होती.

आणि नापासांचं काय? हाँग श्योच्वान हा तरुण कॅन्टनच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झाला, आजारी पडला, त्याला दृष्टांत झाले, आपण येशूचे धाकटे भाऊ आहोत असं त्याला वाटू लागलं. त्याच्या तायपिंग बंडाने 1853 मध्ये नानजिंग घेतलं. 1864 ला बंड संपलं तोवर दोन कोटींहून जास्त माणसं मेली होती, असा अंदाज आहे. एका नापास मुलामुळे बंड झालं असं मुळीच सांगू नका; दुष्काळ, अफू, कर, खचलेलं राज्य हे सगळं त्यामागे होतं. पण ज्या समाजात हजारो हुशार तरुणांना एकच दार दिलेलं असतं आणि ते बहुतेकांना बंद असतं, तिथे काय साठत जातं, हा विचार आपल्या मुलांनी करावा. आज चीनमध्ये बारावीनंतरची काओखाव परीक्षा आहे. 2024 मध्ये तिला 1 कोटी 34 लाख मुलं नोंदली होती. इतकी शतकं उलटली तरी घराघरातली धास्ती तीच.

दुसरा विषय दुष्काळ. माओ त्से तुंगच्या ‘मोठ्या झेपे’त, म्हणजे उत्पादन झपाट्याने वाढवायच्या मोहिमेत, 1958 पासून गावोगावच्या कार्यकर्त्यांनी धान्याच्या उत्पन्नाचे फुगवलेले आकडे वर पाठवले. सरकारने त्या आकड्यांवर लेव्ही वसूल केली. गावात खायला उरलं नाही आणि निर्यात चालूच राहिली. 1959 मध्ये लूशानच्या बैठकीत फंग त-ह्वाय या ज्येष्ठ सेनापतीने खरं बोलायचा प्रयत्न केला, त्याला पदावरून काढलं. बळींचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. वर्तमानपत्रं बोलू शकली असती, विरोधी पक्ष असता तर एवढं झालं नसतं, हा अमर्त्य सेन यांचा मुद्दा प्रसिद्ध आहे. त्याला लागून महाराष्ट्राचं उदाहरण ठेवा, कारण ते अभ्यासकांनीच ठेवलेलं आहे: आपला 1972 चा दुष्काळ. मे 1973 मध्ये जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. हाल झाले, जनावरं गेली, गावं मुंबईकडे निघाली. पण उपासमारीने लाखोंनी माणसं मेली नाहीत. मोर्चे निघत होते, बातम्या छापून येत होत्या, विधानसभेत प्रश्न विचारले जात होते. रोजगार हमी त्यातूनच आली.

पण इथेच थांबलात तर ती आत्मस्तुती होईल. सेन यांनीच दुसरी बाजूही मांडली: दुष्काळ सोडला तर सर्वसाधारण वर्षांत चीनने प्राथमिक आरोग्य आणि शिक्षण आपल्यापेक्षा कितीतरी जास्त लोकांपर्यंत नेलं. 1980 च्या सुमारास दोन्ही देशांचं दरडोई उत्पन्न जवळपास सारखं होतं, पण त्यांचा कामगार साक्षर आणि निरोगी होता. माओनंतरचा नेता डंग शियाओपिंग याने 1978 च्या अखेरीस धोरण बदललं, 1980 मध्ये शेनझेनसारखे विशेष आर्थिक पट्टे उघडले, तेव्हा कारखान्यांना तो कामगार तयार मिळाला. चीनच्या प्रगतीचं श्रेय नुसत्या हुकूमशाहीला देणाऱ्या मुलाला या दोन्ही बाजू समोरासमोर ठेवून उत्तर शोधायला लावा. सांस्कृतिक क्रांती, म्हणजे माओच्या काळातली ‘जुन्या विचारां’विरुद्धची हिंसक मोहीम, आणि 1989 मध्ये तियानानमेन चौकात सैन्याने चिरडलेलं विद्यार्थ्यांचं आंदोलनही टाळू नका. चीनची माहिती देणं आणि चीनच्या सरकारचं समर्थन करणं यांतला फरक मुलांना अशा ठिकाणीच दिसतो.

वेळापत्रकाचं म्हणाल तर पाच तास पुरतात. एक युआन श्वांगच्या पानाला, दोन अफू आणि मुंबईला, एक परीक्षा आणि दुष्काळ यांना मिळून, एक 1962 आणि कोटणीस यांना. अफूचे तास कमी करायची वेळ आली तर बाकीचं काहीही कापा, ते कापू नका. ड्रॅगनचे मुखवटे, कागदी कंदील आणि मंचुरियनचा खाऊ असा ‘चीन दिवस’ करण्याचा आग्रह संस्थेकडून होईल. करायचाच झाला तर पाचही तास संपल्यावर करा. जवळ महाबळेश्वर आहे, तिथे चायनामन धबधबा आहे. ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकात चिनी कैद्यांना आणून तिथे भाजीपाल्याचे मळे करवून घेतले होते, नाव त्यांच्यावरूनच पडलं. जिल्हा गॅझेटियरमधली ती नोंद मुलांनाच शोधू द्या. ही माणसं हजारो मैल लांबून सह्याद्रीत का आणली गेली, या एका प्रश्नावरून निम्मा विषय उलगडतो.

पालकसभेत मात्र स्वतः भाषण करू नका. सभेच्या आधी मुलांना 72 च्या दुष्काळाबद्दल आजी-आजोबांकडून लिहून आणायला सांगा: खडी फोडायला कोण गेलं होतं, कामावर मिळणारी सुकडी कशी असायची, मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी कोणी खाल्ली. सभेत दोन मुलांना ते वाचू द्या, आणि तिसऱ्या मुलाला चीनमधल्या 1959 च्या एखाद्या गावाबद्दल जे शिकलं ते सांगू द्या. समोर ज्यांनी खडी फोडली ती माणसं बसलेली असतील. त्यांना पुढचे प्रश्न विचारायचे असतील, त्यासाठी सभेत वेळ राखून ठेवा.